एम्मा मर्स्क: आकार टिकला, वेग मागे पडला

डेन्मार्कमधील ओडेन्से शहराजवळ लिंडो येथे एक जहाजबांधणीची गोदी होती. तेथे १२ ऑगस्ट २००६ रोजी ‘एम्मा मर्स्क’ या जहाजाचा नामकरण समारंभ झाला, तेव्हा त्याच्या तोडीचे दुसरे कंटेनर जहाज जगाच्या कोणत्याही समुद्रावर नव्हते. लांबी सुमारे ३९८ मीटर, रुंदी ५६.४ मीटर आणि पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जाणारा भाग जवळजवळ १६ मीटर, अशी त्याची मापे होती. हे जहाज बांधताना त्याच्या मालकांनी दोन गोष्टींवर पैसा लावला होता. एक, तोपर्यंत कोणी धाडस केले नव्हते एवढा आकार. आणि दुसरी, त्या आकाराला न शोभणारा वेग. पुढच्या काही वर्षांत पहिली गोष्ट सगळ्या जहाज कंपन्यांनी उचलली आणि दुसरी खुद्द मालकांनीच बाजूला ठेवली. असे का घडले, ते समजून घ्यायचे तर जहाजाच्या रचनेपासूनच सुरुवात करावी लागते.

मालक कंपनी म्हणजे डेन्मार्कची ए. पी. मोलर-मर्स्क. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या समूहाचीच ती लिंडोची गोदी होती, आणि ही बाब महत्त्वाची आहे, कारण जहाज घरच्याच गोदीत बांधले जात असल्यामुळे त्याची खरी क्षमता किती हे बाहेर फारसे कोणाला कळत नव्हते. कंपनीचे सर्वेसर्वा मर्स्क मॅकिनी मोलर यांच्या पत्नी एम्मा यांचे डिसेंबर २००५ मध्ये निधन झाले होते. जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच धर्तीची आणखी सात जहाजे २००८ पर्यंत पाण्यात उतरली आणि त्या सगळ्यांची नावे ‘ए’ या उच्चाराने किंवा त्याच्या जवळच्या उच्चाराने सुरू होतात: एस्टेल, एलिओनोरा, एव्हलिन, एबा, एली, एडिथ आणि युजेन.

कंटेनर जहाज किती मोठे, हे वीस फुटी कंटेनरांच्या संख्येत मोजतात. वीस फुटी कंटेनर म्हणजे साधारण सहा मीटर लांब आणि अडीच मीटरांहून थोडी कमी रुंद अशी पोलादी पेटी. प्रत्यक्षात आज बहुतेक माल चाळीस फुटी कंटेनरांतून जातो, पण मोजताना अशा एका कंटेनरचे दोन धरले जातात. एम्मा मर्स्कची क्षमता कंपनीने ११,००० कंटेनर अशी जाहीर केली. जहाजाची मापे आणि डेकवर शेजारी शेजारी मांडलेल्या २२ रांगा पाहणाऱ्या जाणकारांनी मात्र हा आकडा तेरा ते पंधरा हजारांच्या दरम्यान असला पाहिजे असे म्हटले, आणि नंतर १४,७७० ही संख्या सर्वत्र वापरली जाऊ लागली. यावर त्या काळी बरीच चर्चा झाली, कंपनी स्पर्धकांना चकवते आहे असेही बोलले गेले. वस्तुतः दोन्ही आकडे बरोबर होते, फक्त दोन्हींचे प्रश्न वेगळे होते. जहाजावर किती पेट्या मावतात हा एक प्रश्न, आणि प्रत्येक पेटी १४ टन वजनाची असेल तर जहाज किती पेट्या सुरक्षितपणे वाहून नेऊ शकेल हा दुसरा. जहाजाची एकूण भारवहन क्षमता १,५६,९०७ टन होती. तिला चौदाने भागले तर सुमारे ११,२०० येतात. त्यातून इंधन, पाणी आणि इतर सामानाचे वजन वजा केले की कंपनीचा आकडा जवळपास जुळतो. ज्या वाचकाला कोणत्याही नव्या जहाजाविषयी ‘जगातील सर्वांत मोठे’ अशी बातमी दिसेल, त्याने हा फरक मनात ठेवावा, कारण बातमीत नेहमी पहिल्या प्रश्नाचे उत्तर छापलेले असते.

एवढे मोठे जहाज बांधण्यामागे साधे गणित आहे. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली वाढवली की आत मावणारा माल घनफळाच्या हिशेबाने वाढतो. पाण्याचा विरोध मुख्यतः बुडालेल्या पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळे तो त्याहून कमी प्रमाणात वाढतो. म्हणजे दर कंटेनरमागे लागणारे इंधन घटते. खलाशांच्या बाबतीत तर हा फायदा आणखी ठळक आहे: एम्मा मर्स्क चालवण्यासाठी नेहमी १३ माणसे पुरेशी होती, जरी राहण्याची सोय ३० जणांची होती. निम्म्या आकाराच्या जहाजावरही साधारण तेवढीच माणसे लागतात.

पण आकार वाढवण्याला पोलादाच्या बाजूने एक अडचण येते. तेलवाहू जहाजाचा डेक वरून बंद असतो, त्यामुळे त्याचे सगळे शरीर एका बंद नळीसारखे ताठ राहते. कंटेनर जहाजात मात्र क्रेनने पेट्या थेट तळापर्यंत उतरवायच्या असतात, म्हणून डेकचा बहुतेक भाग उघडाच ठेवावा लागतो. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका दोन टोकांना धरून पिळला तर तो किती सहज वाकडा होतो, ते पाहिले की या रचनेची कमजोरी लक्षात येते. समुद्रात लाटा तिरक्या येतात तेव्हा जहाजाच्या पुढच्या भागाला एका दिशेने आणि मागच्या भागाला दुसऱ्या दिशेने पीळ बसतो. शिवाय लाटेचा माथा नेमका मध्यभागी आला तर दोन्ही टोके खाली झुकू पाहतात, आणि दोन लाटांच्या मधल्या खळगीवर जहाज आले तर मधला भाग खाली झुकू पाहतो. हा ताण सोसण्यासाठी दोन्ही बाजूंना दुहेरी भिंती बांधतात आणि त्यांच्या वरच्या कडेला, जहाजाच्या जवळपास पूर्ण लांबीभर, अतिशय जाड आणि जास्त ताकदीच्या पोलादाच्या पेट्यांसारखे पट्टे बसवतात. खणांच्या तोंडांवरची मोठी झाकणे पाणी अडवतात आणि वरच्या पेट्यांचे वजन पेलतात. जहाजाला ताठपणा देण्यात मात्र त्यांचा वाटा फारसा नसतो.

हा ताण पुस्तकी नाही, याचा पुरावा आपल्याच अरबी समुद्रात मिळाला. जून २०१३ मध्ये ‘मॉल कम्फर्ट’ हे जपानमध्ये बांधलेले, सुमारे ८,००० कंटेनर क्षमतेचे आणि अवघे पाच वर्षे जुने जहाज येमेनच्या किनाऱ्यापासून दूर खवळलेल्या समुद्रात मधोमध मोडून दोन तुकडे झाले. सर्व २६ खलाशी वाचले. मागचा तुकडा काही दिवसांनी बुडाला. पुढच्या तुकड्याला ओढून नेत असताना आग लागली, ती विझवण्याच्या प्रयत्नांत भारतीय तटरक्षक दलाचे जहाजही होते, पण जुलैमध्ये तोही तुकडा तळाला गेला. तपासात मध्यभागातील तळाचे पत्रे चेपले जाण्यापासून मोडतोडीची सुरुवात झाल्याचे दिसले, आणि त्यानंतर मोठ्या कंटेनर जहाजांच्या ताकदीचे हिशेब करण्याचे आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाले. एम्मा मर्स्कच्या सांगाड्याला असा प्रसंग आला नाही.

डेकखालच्या खणांत उभे पोलादी मार्गदर्शक खांब असतात, त्यांच्यामधून पेटी सरळ खाली घसरत जाते आणि तिला वेगळे बांधावे लागत नाही. डेकवरच्या पेट्यांना मात्र चारही कोपऱ्यांत फिरकीची कुलपे आणि खालच्या थरांना तिरक्या पोलादी सळ्या लावून जखडतात. कोणती पेटी कोठे ठेवायची, हा निर्णय बंदरातील माणूस जागेवर घेत नाही. त्याचा आराखडा आधीच संगणकावर तयार होतो. जड पेट्या खाली, जी पेटी पुढच्या बंदरात उतरायची ती वर, ज्वालाग्राही माल राहत्या भागापासून दूर, आणि फळे-मासळीचे शीत कंटेनर विजेच्या जोडण्यांजवळ, अशा अनेक अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. एम्मा मर्स्कवर असे सुमारे एक हजार शीत कंटेनर जोडण्याची सोय होती. आराखड्यातून उरलेला असमतोल तळाच्या आणि बाजूच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन किंवा सोडून दुरुस्त केला जातो.

आता इंजिनाकडे वळू, कारण या जहाजाचा खरा अहंकार तेथे होता. वार्टसिला कंपनीच्या रचनेचे हे डिझेल इंजिन चौदा सिलिंडरांचे होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, म्हणजे आत माणूस आरामात उतरेल एवढा, आणि दट्ट्याची एका वेळची चाल अडीच मीटर. संपूर्ण इंजिनाचे वजन २,३०० टन आणि शक्ती ८०,०८० किलोवॅट, म्हणजे सुमारे १,०९,००० अश्वशक्ती. गंमत अशी की एवढे राक्षसी यंत्र पूर्ण ताकदीवरही मिनिटाला फक्त १०२ फेरे घेते. हा संथपणा हेतुपुरस्सर आहे. मोठ्या व्यासाचा पंखा सावकाश फिरवला तर तो पाणी कार्यक्षमतेने ढकलतो, आणि इंजिनच तितक्या संथ गतीने फिरत असेल तर मध्ये गिअर घालावे लागत नाहीत. इंजिनाचा दांडा सरळ पंख्याला जोडता येतो. जहाज मागे घ्यायचे असेल तर इंजिन थांबवून उलट्या दिशेने सुरू करतात. एम्मा मर्स्कचा सहा पात्यांचा पंखा १३० टनांहून जड होता, आणि इंजिनापासून त्याच्यापर्यंत जाणारा दांडा सुमारे १२० मीटर लांबीचा, कारण इंजिनाची खोली अगदी मागे न ठेवता राहत्या इमारतीच्या खाली, बरीच पुढे ठेवली होती.

हे इंजिन इंधनातील सुमारे निम्मी ऊर्जा पंख्यापर्यंत पोहोचवते, आणि डिझेल यंत्रांमध्ये ही कामगिरी उत्कृष्ट मानली जाते. उरलेली बहुतेक ऊर्जा गरम धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. त्या धुरातील उष्णता पकडून वाफ तयार करणे, वाफेवर आणि धुराच्या झोतावर टर्बाइन फिरवून वीज बनवणे, आणि गरज पडल्यास ती वीज मोटारींद्वारे पुन्हा पंख्याच्या दांड्याला देणे, अशी योजना येथे केली होती. पाण्याखालच्या भागाला विषारी रसायनांऐवजी सिलिकॉनयुक्त गुळगुळीत रंग दिला होता, ज्यावर शंखशिंपले चिकटत नाहीत. त्यामुळे वर्षाला सुमारे १,२०० टन इंधन वाचते, असा कंपनीचा दावा होता. तरीही पूर्ण ताकदीने चालवल्यास इंधनाचा खर्च दिवसाला तीनशे टनांच्या वर जाणारच, हे शक्तीच्या आकड्यावरूनच दिसते.

जहाज सेवेत येण्यापूर्वीच त्याच्यावर एक संकट आले होते. ९ जून २००६ रोजी गोदीत वेल्डिंगचे काम चालू असताना राहत्या इमारतीला आग लागली आणि ती इमारत व ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याची खोली, मोठ्या प्रमाणावर जळाली. येथे एकाच आराखड्याची आठ जहाजे एकाच गोदीत बांधण्याचा फायदा झाला. मागून येणाऱ्या भावंडासाठी तयार होत असलेली इमारत उचलून एम्मावर बसवण्यात आली, आणि विलंब काही आठवड्यांवर निभावला. ८ सप्टेंबरला आऱ्हुस बंदरातून पहिली सफर सुरू झाली आणि सुएझ कालव्यातून जहाज पूर्व आशियाकडे गेले. परतीच्या वाटेवर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते इंग्लंडमधील फेलिक्सस्टो बंदरात आले, तेव्हा नाताळच्या खरेदीसाठीच्या चिनी मालाने ते भरलेले होते. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. युरोपातून आशियाकडे जाणाऱ्या जहाजांत मात्र त्या काळी रिकामे कंटेनर आणि पुनर्वापरासाठीचे रद्दी कागद यांचा भरणा मोठा असे. त्या व्यापाराचा तोल कोणत्या बाजूला झुकला होता, हे जहाजाच्या दोन्ही वाटांवरच्या मालावरून कळत होते.

एम्मा मर्स्क २५ नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी जवळजवळ ४७ किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकत होते. शांघायहून युरोपात माल दोन-चार दिवस आधी पोहोचला तर दुकानदार त्याचे पैसे देतील, हा त्यामागचा विचार होता. २००८ च्या जुलैमध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला आणि त्यानंतर काही महिन्यांतच जागतिक मंदीमुळे वाहतुकीचे दर कोसळले. माल कमी, जहाजे जास्त, अशी स्थिती झाली. तेव्हा मर्स्कसह अनेक कंपन्यांनी जहाजे मुद्दाम सावकाश चालवण्याचा मार्ग धरला.

त्यामागचे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २५ वरून २० नॉटवर आणला, म्हणजे एक पंचमांशाने कमी केला, तर शक्ती जवळपास निम्मी पुरते. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनही एका सफरीचे इंधन एक तृतीयांशाहून अधिक वाचते. वेळापत्रक टिकवण्यासाठी त्या मार्गावर एखादे जादा जहाज लावावे लागते, पण मंदीत जहाजे तशीही रिकामीच उभी होती. सुरुवातीला इंजिन बनवणाऱ्यांना धाकधूक होती, कारण इतके मोठे इंजिन महिनोन्महिने कमी भारावर चालवले तर काजळी साचते आणि सिलिंडरचे वंगण बिघडते. एम्माच्या इंजिनात इंधनाचा फवारा संगणकाच्या नियंत्रणाखाली होता, त्यामुळे ते संथ चालीशी तुलनेने सहज जुळवून घेऊ शकले. मात्र ज्या जादा अश्वशक्तीसाठी एवढा खटाटोप केला होता, तिचा मोठा भाग त्यानंतर वापराविना पडून राहिला. माझ्या मते या जहाजाच्या आराखड्यातील सर्वांत महागडा चुकलेला अंदाज हाच होता.

१ फेब्रुवारी २०१३ रोजी सुएझ कालव्याच्या उत्तर भागात झालेला अपघात मात्र कोणाच्या अंदाजात नव्हता. मोठ्या जहाजांना धक्क्याला लागताना आडवे सरकावे लागते. त्यासाठी पुढे आणि मागे, सांगाड्यातून आरपार जाणाऱ्या आडव्या बोगद्यांत छोटे पंखे बसवलेले असतात. एम्मा मर्स्कवर असे दोन पुढे आणि दोन मागे होते. त्यांतील मागच्या एका पंख्याची मोडतोड झाली, बोगद्याच्या भिंतीला इजा पोहोचली आणि समुद्राचे पाणी मुख्य दांड्याच्या बोगद्यात शिरले. इथवर रचना अशा प्रसंगासाठी तयार होती, कारण तो बोगदा आणि इंजिनाची खोली यांच्यामध्ये जलरोधक भिंत होती. पण त्या भिंतीतून विजेच्या तारा जात होत्या, आणि तारांभोवतीची बंदिस्ती पाण्याच्या दाबापुढे टिकली नाही. पाणी इंजिनाच्या खोलीत घुसले आणि मुख्य इंजिन बंद पडले. डेन्मार्कच्या सागरी अपघात चौकशी मंडळाच्या अहवालात या बंदिस्तीवर नेमके बोट ठेवले गेले आहे. चार-पाच मजली इंजिनासाठी केलेल्या सगळ्या काळजीवर तारांच्या छिद्रांनी पाणी फिरवले, ही त्यातली खरी खंत आहे.

हजारो कंटेनर लादलेले जहाज कालव्यात आडवे न होता पोर्ट सईदजवळच्या कंटेनर धक्क्यापर्यंत पोहोचले, आणि कोणालाही इजा झाली नाही. हे श्रेय खलाशांचे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज त्याच कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा अशा प्रसंगाची किंमत किती असते हे जगाला कळले. एम्मावरचा माल उतरवून जहाज सिसिली बेटावरील पालेर्मो येथे ओढून नेण्यात आले आणि तेथे दुरुस्त होऊन त्याच वर्षी पुन्हा कामावर रुजू झाले.

त्याच २०१३ मध्ये मर्स्कने पुढच्या पिढीचे पहिले जहाज सेवेत आणले. त्याचे नाव ‘मर्स्क मॅकिनी मोलर’, म्हणजे एम्मा यांच्या पतीचेच. त्याची लांबी एम्मापेक्षा जेमतेम दीड मीटर जास्त आणि रुंदी ५९ मीटर. तरीही क्षमता १८,२७० कंटेनर. ही वाढ आली कोठून? पहिले, सांगाड्याचा आकार. वेगासाठी एम्माची नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, निमुळती होती. नव्या जहाजाचा वेग कमी ठरवल्यामुळे त्याचे पोट भरघोस ठेवता आले. दुसरे, ब्रिज पुढे सरकवला. ब्रिजवरून जहाजाच्या पुढे ठराविक अंतरापलीकडचे पाणी दिसलेच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामुळे ब्रिज मागे असेल तर त्याच्यासमोर पेट्यांचे थर फार उंच रचता येत नाहीत. तो पुढे नेला की त्याच्या मागे हवे तेवढे रचता येते. तिसरे, एका प्रचंड इंजिनाऐवजी दोन लहान इंजिने आणि दोन पंखे. थोडक्यात, आकाराचा धडा एम्माकडून घेतला आणि वेगाचा टाकून दिला. हे जहाज दक्षिण कोरियात बांधले गेले. लिंडोच्या गोदीतून शेवटचे जहाज २०१२ मध्ये बाहेर पडले आणि तेथील जहाजबांधणी बंद झाली होती.

त्यानंतर क्षमतेचे आकडे वाढतच गेले. २०२३ मध्ये आलेल्या ‘एमएससी इरिना’ची क्षमता २४,३४६ कंटेनर आहे, पण लांबी अजूनही ४०० मीटरच्या आतच आहे. वाढ झाली ती रुंदीत आणि उंचीत. लांबीला लगाम घातला तो धक्के, कालवे आणि वळायला लागणाऱ्या जागांनी. पनामा कालव्याची नवी मोठी दारे २०१६ मध्ये खुली झाली, तरी एम्मा मर्स्क त्यांतूनही जाऊ शकत नाही. ती दारे ५५ मीटर रुंद आहेत आणि जहाज ५६.४.

मोठ्या जहाजांनी वाचवलेल्या इंधनाचे बिल अशा रीतीने बंदरांकडे वळते. २२ रांगांपलीकडे हात पोहोचतील अशा क्रेन, एका दमात येणाऱ्या हजारो पेट्यांसाठी जागा, रस्ते आणि रेल्वे, आणि सर्वांत आधी पाण्याची खोली, हे सर्व बंदराने पुरवायचे असते. मुंबईसमोरच्या न्हावा शेवा बंदरात मर्स्क समूहाची भागीदारी असलेले टर्मिनल एम्माच्याच वर्षी, २००६ मध्ये सुरू झाले. पण मुंबईच्या खाडीत गाळ सतत येत राहतो आणि गाळ काढून मार्ग खोल केल्यानंतरही साधारण १५ मीटर खोल बुडणारी जहाजे एवढीच त्याची मजल आहे; पूर्ण भरलेल्या एम्माला त्याहून अधिक पाणी लागते. केरळमधील विळिंजम बंदराला निसर्गतःच खोल किनारा मिळाल्यामुळे जून २०२५ मध्ये एमएससी इरिना तेथे लागू शकली. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या बंदराची जागा निवडताना किनाऱ्याजवळचे खोल पाणी हेच प्रमुख कारण दिले गेले. तेथील मच्छीमारांचा त्या बंदराला अनेक वर्षांपासून विरोध आहे.